कोपरीच्या घरातला एक फूट

धर्मा, आधी ते एक मिटवून टाकू. तू सांगितलं होतंस, की नव्हतं सांगितलंस?

आता तू हसशील. म्हणशील, “मध्या, मला जाऊन पुरता महिना झाला नाही आणि तू पुन्हा तिथंच?” हो, तिथंच. तुझं तेरावं झालं, तुझ्या आईने माझ्या पानात नको नको म्हणताना दुसऱ्यांदा भात वाढला, मी मान खाली घालून जेवलो, पण डोक्यात तेच चाललं होतं. माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलत होती. पोरगा कसा गुणी, कोपरीतला पहिला आर्किटेक्ट, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, तुम्हाला काय माहीत! याने माझ्या बाबतीत काय केलं ते याला ठाऊक आणि मला ठाऊक. खरं म्हणजे मलाही कुठे ठाऊक होतं? मला संशय होता. इतकी वर्षं नुसता संशय, आणि तो मी दूधभात घालून चांगला पोसला होता.

हे कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू असतास तर मध्ये मध्ये बोलला असतास. आता तुला बोलता येत नाही याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

मी डोंबिवलीचा, तू ठाण्याच्या कोपरीचा. मुंबईच्या आर्किटेक्चरच्या कॉलेजात आपण एकाच वर्षी शिरलो. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, सगळ्या देशात आता बांधायचंच बांधायचं आहे असं जो तो म्हणत होता, आणि बांधणार आपण, अशी आपली समजूत. घरी मात्र आपण शिकतो काय हेच कुणाला कळत नव्हतं. माझ्या वडिलांना शेजारी विचारायचे, “मधू इंजिनिअर होणार ना?” “नाही.” “मग ओव्हरसियर?” “नाही.” “मग काय, चित्रं काढतो?” वडिलांना घाम फुटायचा. तुझ्या बाबांना असला प्रश्नच पडला नाही. मिठागरावर, गावकीत, जावयाच्या घरी, जिथे जातील तिथे ते छाती काढून सांगायचे, “माजा पोरगा घरा काढतो.” संपलं. मला तेव्हाही तुझा हेवा वाटला होता.

मी जात्याच संशयी. आई म्हणते, “मधू, तू देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधशील.” खडा असतोच कधी कधी, त्याला मी काय करू! त्यामुळे पहिल्या वर्षी तू आपण होऊन माझ्याशी बोलायला आलास तेव्हाच मी सावध झालो होतो. नकाशाचा कागद ड्रॉइंगच्या बोर्डावर ताणून बसवायचा होता. ओला करायचा, कडांना खळ लावायची, चिकटवायचा आणि वाळून ढोलकीसारखा ताठ होईपर्यंत थांबायचं. माझा कागद दर वेळी मधूनच फुगायचा. तू तुझ्या डब्यातली खळ माझ्यापुढे सरकवलीस. “आईने केलीय. तांदळाची आहे. बाजारची लावू नको, ती फसवते.” मी म्हटलं, “तुला काय पाहिजे?” तू बघतच राहिलास. “काय पाहिजे म्हणजे? कागद चिकटव.” तो कागद असा बसला की मला उगीचच राग आला.

आणि मिठाच्या राशी. ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. सावल्या काढण्याचा विषय होता. ऊन पंचेचाळीस अंशांतून येतं असं धरायचं आणि खांबाची, कमानीची, शंकूची सावली कुठे पडेल ते भूमितीने शोधायचं. शंकूपाशी माझी गाडी अडली. तीनदा खोडलं, कागदाची चाळण झाली. तू मला रविवारी कोपरीला बोलावलंस आणि जेवायच्या आधी सरळ तुमच्या मिठागरावर नेलंस. पांढऱ्याशुभ्र राशी रांगेने उभ्या, सकाळचं तिरपं ऊन. तू काठीने जमिनीवर रेघ ओढलीस. “टोकाची सावली कुठे पडली बघ. आता तिथून राशीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चाटून जाणाऱ्या रेघा ओढ. बस्स. झाली सावली.” एवढंच होतं! सरांनी तासभर फळ्यावर बडबडून जे माझ्या डोक्यात घातलं नव्हतं ते तू एका काठीने घातलंस. त्या वर्षी सावल्यांच्या पेपरात मी पहिला आलो आणि तू तिसरा. तू माझ्याकडे पेढा मागितलास, एवढा आनंद तुला झाला होता. मी घरी येऊन आईला म्हटलं, “हा मुलगा एवढं फुकट का शिकवतो?” आई म्हणाली, “अरे मेल्या, मित्र आहे तुझा!” तिचं हे असंच. ती कुणावरही विश्वास ठेवते.

नाही म्हणायला एका गोष्टीत ती माझ्याहून पक्की निघाली. तू डोंबिवलीला पहिल्यांदा आलास तेव्हा घरचं मीठ घेऊन आलास, पिशवी भरून. तू पिशवी तिच्या हातात द्यायला गेलास आणि ती दोन पावलं मागे सरली. “खाली ठेव हो बाळ. मीठ हातात देऊ नये, भांडण होतं.” तू हसून पिशवी खाली ठेवलीस. मग दर वेळी दारातच ओरडायचास, “काकू, मीठ खाली ठेवलंय हां! भांडण नाही!” तिची एवढी खबरदारी पार फुकट गेली बघ. तुझ्याइतकं मी आयुष्यात कुणाशी भांडलो नाही.

आता धर्मशाळेकडे येतो. पळू नकोस.

तिसऱ्या वर्षी एखादी जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे असतात. दोघादोघांच्या जोड्या. आपण कल्याणच्या खाडीकाठची ती जुनी दगडी धर्मशाळा घेतली. टेप तुझी होती, तुझ्या चुलत्याने मिठागरं मोजायला वापरलेली, कापडी, कातड्याच्या डबीतली. तिची पुढची कडी आधीच तुटलेली आणि पहिला फूटभर तुकडा झिजून लोंबत होता. असा तुकडा तुटला तर टेप वाया जात नाही. शून्याऐवजी एकाच्या रेघेवर धरायची आणि जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा. मात्र टोक धरणाऱ्याने ओरडून सांगायचं, “एक सोडलाय!” आणि लिहिणाऱ्याने उलट ओरडायचं, “एक सोडला!” तोवर पुढे जायचं नाही. मोजणीतला हा साधा रिवाज आहे, आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवला होता.

सकाळी आपण आतल्या खोल्या मोजल्या. तेव्हा तो तुकडा कसाबसा टिकून होता, तू शून्यावरच धरत होतास. जेवण झाल्यावर बाहेरच्या लांब भिंती घेतल्या. तू एका कोपऱ्याला टोक धरून, मी दुसऱ्या कोपऱ्याला डबी आणि कागद घेऊन, आणि मध्ये खाडीचा वारा. तुकडा तेव्हा तुटला. इथपर्यंत तुझं आणि माझं एकमत आहे.

पुढचं नाही. तू म्हणतोस, तू ओरडलास. मी म्हणतो, नाही ओरडलास. तू म्हणतोस, वारा होता. मी म्हणतो, वारा होता तर मी उलट ओरडेपर्यंत थांबायचं होतंस. तू म्हणतोस, “तू मान हलवलीस ना!” अरे, मी माशी हाकलत होतो! शेजारी वाळत घातलेली मासळी होती, माश्या घोंघावत होत्या. “मला काय माहीत, मान कशाला हलवतोस ते,” असं तू म्हणायचास आणि वर हसायचास.

मी घरी येऊन नकाशा काढायला बसलो. बाहेरून भिंत जेवढी लांब, तेवढीच आतल्या खोल्या आणि मधल्या भिंती मिळून भरायला हवी. भरेना. एक फूट उरत होता. आता शहाण्या माणसाने काय करावं? पुन्हा कल्याणला जावं आणि मोजावं. पण नकाशा काढणाऱ्याला एक रोग असतो, जुळवून घेण्याचा. मी तो फूट भिंतींमध्ये थोडा थोडा वाटून टाकला. सगळ्या भिंती जरा जरा जाड केल्या. कसं छान जुळलं! आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी तुला काय म्हटलं ते आठव. “धर्मा, भिंती फार जाड येतायत रे.” तू काय म्हणालास? “जुनं बांधकाम आहे. येणारच.”

येणारच! माझ्या खटल्यातला हा माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुझ्या नकाशात भिंती बरोबर होत्या. तू माझ्याच कागदावरून आकडे उतरवून घेतले होतेस आणि प्रत्येक लांब भिंतीतून एक वजा केला होतास. मग मी जाड भिंती म्हणालो तेव्हा तुझ्या डोक्यात घंटा वाजली नाही? तू म्हणायचास, “माझं तेव्हा काढून व्हायचं होतं. मला वाटलं, तू मोजून म्हणतोयस. तू वर्गात पहिला, मी कोण तुला सांगणार?” हे ‘तू वर्गात पहिला’ तू ज्या सुरात म्हणायचास ना, त्या सुराचाच मला संशय यायचा.

सरांनी दोन्ही शीटं शेजारी शेजारी लावली. चष्मा पुसला. “काय हो, तुमच्या धर्मशाळेच्या भिंतींना सूज आलीय का? यांच्याकडे तर धडधाकट दिसतायत.” सगळा वर्ग हसला. तू हसला नाहीस, हे मी पाहिलं होतं. पण तू खाली बघत होतास, तेही पाहिलं. मग सर म्हणाले, “न जुळलेलं जुळवून दाखवतो तो आर्किटेक्ट नव्हे, तो जादूगार.” त्या वर्षी फोर्टातल्या एका मोठ्या ऑफिसाने सरांकडे एकच मुलगा मागितला होता. तोवर सगळे धरून चालले होते की तो मी. शीट लागली त्या आठवड्यात ते नाव बदललं.

तू मला फलाटावर गाठलंस. “मध्या, मी सरांना सांगू का? टेपचं?” मी म्हटलं, “आता सांगून काय करतोस? तेव्हा सांगायचं होतंस.” “तेव्हा सांगितलं होतं!” “नव्हतं सांगितलंस!” लोक वळून बघायला लागले. नकाशे काढायचा लांब लाकडी टी-स्क्वेअर माझ्या काखेत होता, एकदा वाटलं, घालावा याच्या डोक्यात.

कॉलेज संपल्यावर तू फोर्टात गेलास आणि मी कल्याणला एका कंत्राटदाराकडे चिकटलो. फाळणीनंतर आलेल्या माणसांसाठी तेव्हा तिकडे घरांच्या रांगांमागून रांगा उठत होत्या. मी एक खोली काढायचो, संडास काढायचो आणि बाकीच्या सगळ्या चौकोनांत ‘वरीलप्रमाणे’ लिहायचो. चार वर्षं शाई घोटून, कमानी रंगवून, जगातल्या देवळांचे खांब पाठ करून शेवटी वरीलप्रमाणे! रोज दुपारी डबा उघडताना मला तुझी आठवण यायची आणि ती चांगली नसायची. मनात म्हणायचो, तो आता मोठमोठ्या इमारती काढत असेल, माझ्या एका फुटावर उभा राहून.

आणि तू दर रविवारी डोंबिवलीला यायचास. हे काय होतं? मला अजून नीट कळलेलं नाही. एवढ्या मोठ्या ऑफिसातला माणूस, सुट्टीच्या दिवशी ठाण्याहून उठून मीठ घेऊन आमच्याकडे येतो, आईने केलेली भाकरी खातो, माझी वाकडी तोंडं बघतो. टोचणी असल्याशिवाय कोण येईल? मी आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “टोचणी असती तर तोंड चुकवलं असतं त्याने. तू भलताच शोध लावतोस.”  पण माझं म्हणणं मी सोडलं नाही.

दोन वर्षांनी तू ते ऑफिस सोडून कोपरीला परत आलास तेव्हा तर माझी खात्रीच पटली की काहीतरी गडबड आहे. असं ऑफिस कोण सोडतं? तू म्हणालास, “अरे, दोन वर्षं मी फक्त जिन्यांचे कठडे काढले. एक संपला की दुसरा. कुणाचा जिना, कुठे जातो, काही पत्ता नाही.” म्हणजे तुझंही वरीलप्रमाणेच चाललं होतं. हे ऐकून मी हसलो आणि तूही हसलास, आणि कितीतरी दिवसांनी आपण दोघं एकाच गोष्टीला हसलो. मग तू म्हणालास, “मध्या, आपण ठाण्यात ऑफिस काढू. दोघं. मी बाबांचं घर बांधायला घेतोय, पुढची खोली ऑफिसची.”

मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ आहे. “आधी माझा एक फूट दे.”

पुढे ते आपलं ठरूनच गेलं. तू ऑफिसचं काढलंस की मी फूट मागायचो. तू म्हणायचास, “कुठून देऊ? खाडीत गेला तो.” मी म्हणायचो, “कबूल कर, सांगितलं नव्हतंस.” तू म्हणायचास, “सांगितलं होतं.” आई आतून ओरडायची, “पुरे करा रे, दूध नासेल!” गमतीत चालायचं सगळं. पण गमतीच्या तळाशी मी खरंच विचारत होतो, धर्मा. तुला ते कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. म्हणून तर तू कधी चिडला नाहीस. आणि तू चिडत नाहीस म्हणून माझा संशय वाढत होता. खरा माणूस एकदा तरी चिडतो, असं माझं मत.

मग यंदा होळीच्या सुमारास तू मला ते घर दाखवायला नेलंस. मागच्या घराचा पाया भरला होता, जोतं झालं होतं, पुढच्या खोलीच्या पायासाठी नुसती सुतळी लावलेली होती. तू मंजूर झालेला नकाशा जोत्यावर पसरलास, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्यास. “इथे खिडकी. उत्तरेचा उजेड, दिवसभर सारखा. इथे तुझा बोर्ड, इथे माझा.”  तू ‘तुझा बोर्ड’ असं म्हणालास, जसं काही माझं ठरलंच होतं. मला कुणी गृहीत धरलं की माझं डोकं फिरतं. मी सुतळीपासून मागच्या जोत्यापर्यंत पावलं टाकली आणि म्हटलं, “दोन बोर्ड बसत नाहीत. मागून माणूस जायला वाट राहत नाही. एक फूट कमी पडतो.”

“जुळवून घेऊ,” तू म्हणालास.

“जुळवून घेतलं की काय होतं ते मी एकदा बघितलंय,” मी म्हटलं.

तू नकाशावरच्या विटा उचलल्यास, गुंडाळी केलीस. स्टेशनापर्यंत मला सोडायला आलास, वाटेत आईची चौकशी केलीस. तू त्या दिवशी जरा जास्तच शांत होतास. मी गाडीत बसल्यावर मनात म्हटलं, लागलं वाटतं एकदाचं. आणि लागलं म्हणजे दोषी आहे.

त्यानंतर तू रविवारी आला नाहीस. मला वाटलं, रागावलास. बरं वाटलं, चिडला म्हणजे खरा आहे. मग निरोप आला की तुला ताप आहे. ताप म्हणजे काय, दोन दिवसांत उतरेल, म्हणून मी आणखी एक रविवार घालवला. मी आलो तेव्हा तू ओळखू येत नव्हतास, रे. विषमज्वर. डोळे तेवढे तुझे. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, “बरा झालो की घर बघायला ये. तुझं काम झालंय.” मी ऐकलं, “तुझं काम आहे.” का मी मुद्दाम तसं ऐकलं? माझी आई शेजारी होती, ती म्हणते, तू ‘झालंय’ म्हणालास. मी मात्र तेव्हा मनात म्हटलं, बघा, आजारपणातही याला माझ्याकडून कामं करून घ्यायची आहेत. आणि तुला म्हटलं, “आधी बरा हो, मग कामाचं बघू.” तू डोळे मिटलेस. तेच आपलं शेवटचं बोलणं. एवढं भांडलो आणि शेवटी हे असलं मिळमिळीत वाक्य माझ्या वाट्याला आलं, याचा मला फार राग येतो.

तुझं तेरावं झाल्यावर तुझे बाबा मला घरी जाऊ देईनात. हाताला धरून नव्या घराकडे घेऊन गेले. भिंती खिडकीच्या वरपर्यंत आलेल्या होत्या. तिथे मिस्त्री उभा होता, दोन-तीन भाऊबंद उभे होते. बाबा कुणाकडे न बघता मला म्हणाले, “मदू, तू शिकलेला हायस. खरा सांग. माजा पोरगा चुकला काय?”

मला काही कळेना. मग एक भाऊबंद म्हणाला, पुढची भिंत नकाशापेक्षा फूटभर बाहेर आलीय. नकाशा मंजूर एक, बांधकाम दुसरं. आता एक तर पाडा, नाही तर नवा नकाशा द्या. आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, दुसरा बोलला, “एवढा मुंबईला शिकून काय फायदा, आपल्याच बापाचे घराची भिंत चुकला.” तुझ्या बाबांची मान खाली गेली. ज्या माणसाने गावभर छाती काढून सांगितलं होतं, माजा पोरगा घरा काढतो, त्याला आता पोरगाही नव्हता आणि घरही चुकलं म्हणत होते.

मी टेप मागितली. मिस्त्रीने खुंटीवरची टेप काढून दिली आणि मी बघतच राहिलो. तीच कातड्याची डबी. तू ती अजून वापरत होतास! टोक तसंच, एकाच्या रेघेपासून सुरू होणारं. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? वा! शेवटी तुझ्याही गळ्यात पडली ती. मला फसवणाऱ्या टेपने तुलाही फसवलं. म्हणजे तू खरंच विसरभोळा होतास, कपटी नव्हतास, आणि मी वाटेल ते मनात आणत होतो. इतकं हलकं वाटलं मला! तिथेच बसून रडावंसं वाटलं.

पण मी संशयी माणूस. मी हिशेब करून पाहिला. एकाच्या रेघेवर टेप धरली आणि पहिला फूट तुटल्याचं विसरून खोली आखली, तर खोली फूटभर लहान होते. मोठी होत नाही. ही मोठी झाली होती.

मग मी सगळं घर मोजलं. मिस्त्रीला टोक धरायला लावलं. तो दर वेळी ओरडायचा, “एक सोडलाय, साहेब!” मी उलट ओरडायचो. माझा आवाज चिरकत होता, पण मी ओरडायचो. माजघर बरोबर, देवघर बरोबर, पडवी बरोबर, कुठे इंचाचाही फरक नाही. फक्त पुढची खोली. फक्त ती उत्तरेच्या खिडकीची भिंत. मी मिस्त्रीला विचारलं, “ही सुतळी कुणी लावली?” तो म्हणाला, “साहेबांनीच. आधी नकाशाप्रमाणे लावली होती. तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि काढून बाहेर लावली. मी म्हटलं, साहेब, नकाशात नाही. तर हसले. म्हणाले, नकाशा नंतर बघू, हे एकाचं द्यायचं राहिलंय.”

धर्मा, त्या खोलीत मी भिंतीला हात लावून किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. तुझे बाबा दारात थांबले होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना फक्त एकच गोष्ट हवी होती.

मी बाहेर आलो आणि भाऊबंदांच्या देखत, मोठ्याने, म्हटलं, “काका, धर्मा चुकला नाही. हा फूट त्याने मोजून, समजून बाहेर घेतलाय. हा माझा फूट आहे. मीच मागितला होता.”

“तुजा?” बाबा म्हणाले.

“माझा. खोली ऑफिसची आहे. दोन बोर्ड बसायचे होते. नवा नकाशा मी काढून देतो, भिंतीला कुणी हात लावायचा नाही.”

बाबांनी भाऊबंदांकडे बघितलं.  धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि मान वर केली. तुझी आई जुन्या घरातून आली आणि तिने विचारलं, “काय म्हनला?” बाबा म्हणाले, “चुकला नाय.” ती तिथेच जोत्यावर बसली आणि आतापर्यंत आवरलेलं सगळं रडली. मीही तिच्याजवळ बसलो. मला तुझा अभिमान वाटला, हे तुला तोंडावर मी कधी सांगितलं नसतं, म्हणून इथे लिहितो. आणि तुझी फार, फार उणीव भासते आहे, तेही लिहितो. काय घाई होती तुला?

आता तुझ्या-माझ्यातलं. गावाला मी सांगितलं की तू चुकला नाहीस, आणि ते खरं आहे. पण लेका, मी तुला इतका सहजासहजी सोडणार नाही. ज्याने घेतलेलंच नाही तो परत कशाला देईल? सांगितलं असतंस, तर ‘एकाचं द्यायचं राहिलंय’ असं म्हणाला नसतास. तेव्हा माझा निकाल लागलेला आहे: तू सांगितलं नव्हतंस. विसरलास, का घाबरलास, का त्या एका जागेसाठी गप्प बसलास, ते आता तुझं तुझ्यापाशी. मला फूट मिळाला. व्याजासकट मिळाला. आई म्हणते, मित्राने मागितलं म्हणून मित्राने दिलं, त्यात घेतल्याचा काय संबंध? तिचं हे असंच. कदाचित तिचं बरोबर असेल. मी आणखी थोडे दिवस संशय घेणार आहे, मला तेवढाच तुझ्याशी बोलायचा विषय उरलाय.

कल्याणची नोकरी मी सोडतोय. नवा नकाशा काढून झाला, कागद तुझ्या आईच्या खळीने चिकटवला आहे, एकही फुगा नाही. घर पुरं करतो. पुढच्या खोलीत दोन बोर्ड लावतो, मधून माणूस आरामात जाईल एवढी वाट राहते, मी पावलं टाकून पाहिलं. एक बोर्ड तुझा, तो कुणाला देणार नाही.

आणि हो, उत्तरेच्या खिडकीजवळचा मी घेतोय. ती जागा तू स्वतःसाठी ठेवलीस असं मला वाटत होतं. हरकत असेल तर येऊन सांग. फक्त या वेळी जरा मोठ्याने सांग, आणि मी उलट ओरडेपर्यंत थांब.